कानाडोळा झालेला एक संकेत : आवाज, स्नायू आणि तोल यांचा इतिहास

#थ्रेड #विज्ञानाचा_इतिहास

१.
१९५८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटेखानी शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील गाइस्लर, फ्रिशकॉफ आणि रोझेनब्लिथ या तीन संशोधकांनी माणसाच्या कानाशी ‘टक्’ असा आवाज केला आणि त्याच्या डोक्याच्या त्वचेवर उमटणारी एक अतिसूक्ष्म विद्युत्-लहर टिपली. आवाज मेंदूपर्यंत पोहोचल्याची ती खूण असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता.

लहर खरी होती. मात्र ती मेंदूची नव्हती आणि ऐकण्याशीही तिचे नाते नव्हते. ती कशाची, हे उमगायला सहा वर्षे लागली आणि रुग्णाला तिचा उपयोग होऊ लागायला चौतीस. मित्रहो, आजचा थ्रेड त्या लहरीविषयी आहे.

२.
आधी हे सारे कशासाठी, ते पाहू. चक्कर येणे ही तक्रार माणसाइतकीच जुनी. ताप हाताला लागतो, जखम डोळ्यांना दिसते. भोवळ मात्र ज्याला येते त्यालाच कळते. भोवती घर फिरते आहे, असे रुग्ण सांगतो आणि घर तर जागच्या जागी असते. अशा रुग्णावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न वैद्यकापुढे शतकानुशतके होता.

तोल सांभाळणारी इंद्रिये कवटीच्या अत्यंत कठीण हाडात, आंतरकर्णात, दडलेली आहेत. ती डोळ्यांनी पाहता येत नाहीत, बोटांनी चाचपता येत नाहीत, जिवंत माणसाच्या कानातून तुकडा काढून तपासताही येत नाहीत. म्हणून तोलाच्या तपासणीचा इतिहास हा आडवाटेने पुरावा गोळा करण्याचा इतिहास आहे.

३.
थोडी शरीररचना. आंतरकर्णात गोगलगाईच्या शंखासारखा वेटोळा असलेला भाग, म्हणजे कॉक्लिया, ऐकण्याचे काम करतो. त्याला लागूनच तोलाची पाच इंद्रिये आहेत. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे ओळखतात. उरलेल्या दोन चिमुकल्या पिशव्या : युट्रिकल आणि सॅक्यूल. त्यांच्यात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक एका चिकट थरावर बसलेले असतात. आपण सरळ रेषेत वेग घेतला, किंवा डोके कलले, की ते स्फटिक सरकतात आणि खालच्या केसपेशी वाकतात.

लिफ्ट एकाएकी वर निघाली की पोटात गोळा येतो, त्या क्षणी वर-खाली गतीची वार्ता मेंदूला देणारे मुख्य इंद्रिय म्हणजे सॅक्यूल. ते नेमके रिकिबीच्या हाडाच्या तळव्याजवळ असते, म्हणजे मधल्या कानातून आवाजाचा धक्का जिथे आत शिरतो त्या दारापाशीच. ही जागा लक्षात ठेवा. पुढची सगळी कथा तिच्यावर उभी आहे.

४.
या इंद्रियांचा आणि तोलाचा संबंध आहे, हेच मुळी १९व्या शतकापर्यंत ठाऊक नव्हते. कानाचे काम ऐकणे, एवढेच सर्वमान्य. १८२०च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ फ्लुरांस यांनी कबुतरांच्या अर्धवर्तुळाकार नलिका एकेक करून कापल्या. कबुतरांना ऐकू येत राहिले. पण जी नलिका कापली तिच्या प्रतलात त्यांचे डोके वेडेवाकडे डोलू लागले. आडवी नलिका कापली तर डावी-उजवीकडे, उभी कापली तर वर-खाली. प्रयोग निर्दय होता, पण त्याने कानात ऐकण्यापलीकडचे काही आहे, हे दाखवून दिले.

५.
कबुतरावरून माणसावर यायला आणखी सुमारे साडेतीन दशके गेली. पॅरिसच्या मूकबधिर संस्थेचे वैद्य प्रॉस्पर मेनिएर यांनी ८ जानेवारी १८६१ रोजी तेथील वैद्यक अकादमीपुढे एक निबंध वाचला. कानात गुणगुण, कमी होत जाणारे ऐकू येणे आणि अचानक उसळणारी भोवळ अशी तक्रार असणाऱ्या रुग्णांचा रोग मेंदूत नसून आंतरकर्णात आहे, असे त्यांनी मांडले.

तोवर अशी भोवळ म्हणजे मेंदूत रक्त साचणे, अशी समजूत होती आणि उपचार म्हणून रुग्णाच्या अंगातील रक्त काढले जाई. मेनिएर यांच्या म्हणण्याला तेव्हा फारसा प्रतिसाद मिळाला नाही. पुढच्याच वर्षी ते वारले. त्यांचे नाव त्या व्याधीला लाभले ते नंतर.

६.
रोग कानात आहे, हे पटले. पण तो सिद्ध कसा करायचा? पहिली भरवशाची चाचणी दिली व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी. रुग्णांचे कान पाण्याने धुताना त्यांच्या ध्यानात आले की पाणी गार असले की रुग्णाला गरगरते आणि डोळे एका दिशेने थरथरतात; पाणी जास्त गरम असले की तीच थरथर उलट दिशेने होते. तापमानातील फरकामुळे नलिकेतला द्रव हलतो, हे त्यांनी ओळखले आणि १९०६च्या सुमारास त्यातून चाचणी सिद्ध केली.

१९१४चे वैद्यकाचे नोबेल त्यांना जाहीर झाले तेव्हा ते रशियाच्या कैदेत, मध्य आशियातील मर्व्ह येथील युद्धकैद्यांच्या छावणीत होते. स्वीडनच्या राजपुत्राच्या मध्यस्थीने सुटका झाल्यावर, १९१६ मध्ये त्यांनी तो पुरस्कार स्वीकारला. गार-गरम पाण्याची त्यांची चाचणी आजही केली जाते.

७.
मात्र या चाचणीला एक मर्यादा आहे आणि ती मोठी आहे. पाण्याची ऊब-गारवा पोहोचतो तो मुख्यतः आडव्या नलिकेपर्यंत. म्हणजे पाच इंद्रियांपैकी एकाचीच परीक्षा. उरलेल्या चारांबद्दल चाचणी मुकी.

परिणामी विचित्र प्रसंग उद्भवे. रुग्ण भिंतीचा आधार घेत चालतो आहे आणि कागदावर निकाल ‘सर्वसाधारण’. अशा वेळी आजाराचे खापर रुग्णाच्या मनावर फोडणे सोपे होते आणि ते अनेकदा फोडलेही गेले. सॅक्यूलला प्रश्न विचारण्याची रीत वैद्यकाकडे नव्हती. ती रीत सापडणार होती आवाजात; पण तिथवरची वाट सरळ नव्हती.

८.
१९२०च्या दशकात इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पिएत्रो तुल्लिओ यांनी कबुतरांच्या अर्धवर्तुळाकार नलिकांच्या हाडी आवरणाला बारीक भोक पाडले आणि मग आवाज केला. एरवी आवाजाने न डळमळणारे कबुतर आता आवाज होताच डोके आणि डोळे वळवू लागले, तेही भोक पाडलेल्या नलिकेच्याच प्रतलात. १९२९ साली त्यांचा याविषयीचा ग्रंथ जर्मन भाषेत निघाला. आवाजाने चक्कर येण्याला आजही ‘तुल्लिओ लक्षण’ म्हणतात.

यामागचे तत्त्व साधे आहे. आंतरकर्णात द्रव भरलेला असतो आणि द्रव दाबला जात नाही. आवाजाचा धक्का एका खिडकीतून आत येतो आणि दुसऱ्या खिडकीतून बाहेर पडतो. दोन्ही खिडक्या कॉक्लियाच्या बाजूस आहेत, म्हणून धक्का ऐकण्याच्या इंद्रियातूनच जातो. हाडाला तिसरे भोक पडले, की आवाजाला आडवाट मिळते आणि ती तोलाच्या नलिकेतून जाते.

९.
पण भोक नसलेल्या, निरोगी कानाचे काय? १९३५ मध्ये बुडापेस्टचे गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी नोंदवले की अतितीव्र आवाजाने निरोगी माणसाचे डोकेही किंचित हलते. पुढे १९६१ मध्ये कॉक्लियावरील संशोधनासाठी त्यांना नोबेल मिळाले. हे निरीक्षण त्या कीर्तीच्या सावलीत राहिले. तरी मुद्दा नोंदला गेला होता : आवाज पुरेसा मोठा असेल तर तो निरोगी कानातही तोलाच्या इंद्रियाला हलवतो.

१०.
आता पुन्हा १९५८कडे. त्वचेवरून टिपायच्या या लहरी इतक्या क्षीण असतात की मेंदूच्या आणि स्नायूंच्या नेहमीच्या विद्युत्-गोंगाटात त्या बुडून जातात. जत्रेतल्या गर्दीत एकाच माणसाची कुजबुज ऐकण्यासारखे ते काम. यावर लंडनच्या जॉर्ज डॉसन यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी तोड काढली होती : एकच उद्दीपन पुनःपुन्हा द्यायचे आणि सर्व नोंदी एकमेकींवर रचून सरासरी काढायची. गोंगाट कधी वर, कधी खाली. त्यामुळे सरासरीत तो विरतो. उद्दीपनाशी बांधलेली लहर मात्र दर वेळी त्याच क्षणी येते, म्हणून ती शिल्लक राहते.

गाइस्लर आणि सहकाऱ्यांना ती लहर दिसली ती या सरासरीच्या बळावर. यंत्राने लहर दाखवली. ती कोठून आली, हे सांगणे मात्र यंत्राच्या हाती नव्हते.

११.
ते शोधले मिनेसोटातील मेयो क्लिनिकच्या रेजिनाल्ड बिकफर्ड यांनी. बिकफर्ड मेंदूच्या विद्युत्-आलेखांचे जाणकार. ही लहर डोक्याच्या मागच्या बाजूस, जिथे मानेचे स्नायू कवटीला चिकटतात त्या उंचवट्यापाशी सर्वांत ठळक येते, हे त्यांना खटकले. मेंदूतील ऐकण्याचे केंद्र काही तिथे नाही.

मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मानेवरचा ताण बदलून पाहिला. मान ताठ, तर लहर मोठी. मान सैल, तर लहर जवळजवळ नाहीशी. मेंदूला मानेच्या ताणाशी काय देणेघेणे? १९६४ मध्ये त्यांनी निर्वाळा दिला : ही लहर स्नायूंची आहे. आवाज कानात शिरतो आणि मानेचे स्नायू, मालकाला पत्ताही न लागता, क्षणभर उत्तर देतात. अशा क्रियांना त्यांनी सूक्ष्म प्रतिक्षिप्त क्रिया मानले.

१२.
खरा पेच पुढेच होता. स्नायूला हा निरोप कोण धाडतो? मेयो क्लिनिकमधीलच कोडी आणि बिकफर्ड यांनी दोन प्रकारच्या रुग्णांची तुलना केली. काहींना ऐकू येत नव्हते, पण तोलाची इंद्रिये शाबूत होती. त्यांच्यात लहर मिळाली. काहींच्या तोलाच्या इंद्रियांना इजा झाली होती. त्यांच्यात लहर हरपली.

याचा अर्थ विलक्षण आहे. बहिऱ्या माणसाचे शरीर त्याला न ऐकू येणाऱ्या आवाजाला उत्तर देत होते. आवाज टिपणारे इंद्रिय कॉक्लिया नव्हतेच. १९७१ मध्ये टाउनसेंड आणि कोडी यांनी थेट बोट ठेवले : हे काम सॅक्यूलचे असावे.

१३.
इथे कथा संपायला हवी होती. संपली नाही; उलट पुढची वीस वर्षे हा धागा जवळजवळ तसाच पडून राहिला. का?

एक कारण तांत्रिक होते. मानेच्या मागच्या बाजूस दोन्हीकडचे अनेक स्नायू एकत्र येतात. त्यामुळे कोणत्या कानाने कोणत्या स्नायूला हलवले, हे वेगळे काढता येत नसे. ताण मोजण्याचीही पक्की पद्धत नव्हती. शिवाय कानामागच्या एका छोट्या स्नायूची निराळी लहर मिसळे आणि तिचा उगम खरोखरच ऐकण्यात होता.

दुसरे कारण माणसांचे होते. आवाजावरच्या विद्युत्-लहरी शोधणाऱ्यांना हवी होती श्रवणाची चाचणी. १९७०च्या आसपास जेवेट आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या देठातून येणाऱ्या श्रवणलहरी स्पष्ट दाखवल्या आणि तान्ह्या बाळाचेही ऐकणे तपासण्याची वाट मोकळी झाली. त्या कामात स्नायूंची लहर म्हणजे तांदळातला खडा. ती टाळण्यासाठी रुग्णाला निवांत निजवायचे, शक्यतो झोपू द्यायचे. एकाला हवे असलेले उत्तर दुसरा वेचून फेकून देत होता.

१४.
दरम्यान प्राण्यांवरील संशोधन शांतपणे चालू होते. १९७७ मध्ये यंग, फर्नांडेझ आणि गोल्डबर्ग यांनी दक्षिण अमेरिकेतील छोट्या स्क्विरल माकडांच्या तोलाच्या मज्जातंतूंवर प्रत्यक्ष नोंदी घेतल्या. तीव्र आवाजाला तोलाची पाचही इंद्रिये थोडीफार प्रतिसाद देतात. पण सर्वांत संवेदनशील ठरले सॅक्यूल.

यात उत्क्रांतीचा मोठा धागा आहे. बहुतेक माशांना कॉक्लिया नसतेच. पाण्यातील आवाज ते ऐकतात ते मुख्यतः सॅक्यूलच्याच आधारे. जमिनीवर आलेल्या प्राण्यांत ऐकण्यासाठी निराळे इंद्रिय घडले आणि सॅक्यूलकडे तोलाचे काम उरले. पण आवाजाला ओ देण्याची त्याची जुनी सवय पुरती सुटलेली नाही.

१५.
आता आपण सिडनीला पोहोचतो. तेथील मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स कोलबॅच आणि मायकल हालमाजी यांनी १९९२ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी बदल केला तो दिसायला किरकोळ : इलेक्ट्रोड मानेच्या मागून काढून पुढे आणला.

कानामागच्या हाडापासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत तिरका उतरणारा एक जाडजूड स्नायू आहे. आरशासमोर मान एका बाजूला वळवली, की दुसऱ्या बाजूस तो दोरखंडासारखा उठून दिसतो. हा स्नायू दोन्हीकडे स्वतंत्र आहे, त्वचेलगत आहे आणि त्याचा ताण मोजता येतो. उजव्या कानाचे उत्तर उजव्या स्नायूत, डाव्याचे डाव्यात. तीस वर्षांची सरमिसळ एका जागाबदलाने निवळली.

१६.
पुरावाही तितकाच नेमका होता. असह्य भोवळीवर शेवटचा उपाय म्हणून काही रुग्णांच्या एका बाजूची तोलाची नस शस्त्रक्रियेने कापली जाते. अशा रुग्णांची शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर तपासणी झाली. नस कापलेल्या बाजूची लहर पूर्ण नाहीशी. दुसऱ्या बाजूची जशीच्या तशी. १९९४ मध्ये स्क्यूस यांच्यासह केलेल्या विस्तृत अभ्यासाने हेही स्पष्ट झाले, की आंतरकर्णातील दोषामुळे ऐकू येत नसले तरी लहर टिकून राहते.

कोडी आणि बिकफर्ड यांचे म्हणणे खरे ठरले होते. फरक इतकाच, की आता ते एकेका कानाबद्दल आणि आकड्यांत सांगता येत होते.

१७.
चाचणी होते तरी कशी? रुग्ण पाठीवर निजून डोके किंचित उचलतो, किंवा बसून मान एका बाजूस वळवून धरतो. स्नायूवर एक इलेक्ट्रोड, छातीच्या हाडावर दुसरा. हेडफोनमधून अतिशय आखूड पण मोठे ठोके ऐकवले जातात. मूळ प्रयोगांत प्रत्येक ठोका मिलिसेकंदाचा एक दशांश भाग टिकणारा होता. असे शेकडो ठोके, मग त्यांची सरासरी.

आलेखावर आवाजानंतर सुमारे १३ मिलिसेकंदांनी एक धन शिखर येते आणि सुमारे २३ मिलिसेकंदांनी ऋण. पापणी लवण्याच्याही कितीतरी आधी सॅक्यूल, तोलाची नस, मेंदूचा देठ, पाठीचा कणा आणि मानेचा स्नायू असा पूर्ण प्रवास उरकलेला असतो. रुग्णाला यातले काहीच जाणवत नाही. मान तेवढी अवघडते.

१८.
आणि आता या लहरीतले खरे गुपित. स्नायूची लहर म्हणजे स्नायू आखडला, असे कुणीही धरून चालेल. प्रत्यक्षात उलटे आहे. सॅक्यूलकडून त्याच बाजूच्या या स्नायूला जाणारा निरोप ‘थांब’ असा असतो. ताणलेल्या स्नायूतील तंतू अखंड विद्युत्-ठिणग्या टाकत असतात. ठोका पडताच ते काही मिलिसेकंद गप्प होतात. आलेखावरचे ते पहिले शिखर म्हणजे या मौनाची नोंद. २००४ मध्ये कोलबॅच आणि रॉथवेल यांनी एकेका स्नायुघटकाची नोंद घेऊन हे सिद्ध केले.

सैल मानेत लहर का मिळत नाही, या बिकफर्डकालीन कोड्याचा उलगडा यातच आहे. जो बोलतच नाही, तो गप्प झाला हे कळणार कसे?

१९.
वैद्यकाला यातून एक नवा नकाशा मिळाला. तोलाची नस दोन शाखांत विभागलेली असते. वरची शाखा आडव्या नलिकेची, पुढच्या उभ्या नलिकेची आणि युट्रिकलची वार्ता नेते. खालची शाखा मुख्यतः सॅक्यूल आणि मागच्या नलिकेची. बारानींची पाण्याची चाचणी वरच्या शाखेबद्दल सांगे. मानेच्या लहरीने खालच्या शाखेला प्रथमच वाचा दिली.

जपानचे तोशिहिसा मुरोफुशी यांनी सिडनीतील सहकाऱ्यांबरोबर १९९६ मध्ये तोलाच्या नसेचा दाह झालेल्या रुग्णांत ही चाचणी वापरली. काहींत लहर हरपलेली, काहींत शाबूत. एकाच नावाच्या आजारात नसेचा वेगवेगळा भाग बाधित होऊ शकतो, हे यातून दिसू लागले.

२०.
या चाचणीने सर्वांत मोठा न्याय कुणाला दिला असेल, तर तुल्लिओ लक्षण असलेल्या रुग्णांना. त्यांची तक्रार ऐका : शिंकले की जग तिरके होते. फोनची घंटा वाजली की समोरची भिंत सरकते. स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. काहींना तर डोळ्यांची बुबुळे फिरताना त्यांचा आवाज ऐकू येतो. असे सांगणाऱ्याकडे समोरचा कसा पाहत असेल, याची कल्पना करा. नेहमीच्या तपासण्यांत काही सापडत नसे. मग विकार मनाचा, असा शिक्का बसे.

२१.
१९९८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील लॉइड मायनर आणि सहकाऱ्यांनी अशा ८ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. मायनर यांनी त्यांचे डोळे आवाजाने नेमके कोणत्या प्रतलात हलतात, ते मोजले. ते प्रतल वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेचे होते. सीटी स्कॅनमध्ये त्या नलिकेवरचे हाडाचे छप्पर जागोजागी नाहीसे झालेले दिसले. तुल्लिओंनी कबुतराच्या कानात जे भोक पाडले होते, तेच या माणसांच्या कानात आपसूक होते. ज्याला मनाचा खेळ म्हटले गेले, ती हाडातली तिसरी खिडकी होती.

त्यानंतर कवटीच्या हाडांच्या एका संग्रहातील १००० नमुने तपासले गेले, सुमारे ०.५ टक्के नमुन्यांत हे छप्पर खरोखर नव्हते.

२२.
स्कॅनमध्ये मात्र एक धोका असतो. हाड अतिशय पातळ असेल तर ते नसल्यासारखेच भासू शकते. भोक आहे की नाही, याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की त्यातून आवाज खरोखर आडवाटेला लागतो का? इथे मानेची लहर कामी येते. निरोगी कानात ती उठवायला मोठा आवाज लागतो. तिसरी खिडकी असलेल्या कानात ती कितीतरी हळू आवाजालाही उठते आणि आकारानेही मोठी असते. कोलबॅच यांनी लंडनमधील सहकाऱ्यांबरोबर तुल्लिओ लक्षणाच्या रुग्णात हा कमी झालेला उंबरठा १९९४ मध्येच नोंदवला होता, मायनर यांच्या निबंधाच्या चार वर्षे आधी.

विशेष पाहा : बहुतेक आजारांत चाचणीचे उत्तर क्षीण होते. इथे आजार ओळखला जातो तो उत्तर गरजेपेक्षा जास्त जोमदार आल्यामुळे.

२३.
पुढचे दोन टप्पे थोडक्यात. १९९५ मध्ये हालमाजी, यावोर आणि कोलबॅच यांनी दाखवले की कपाळावर डॉक्टरांच्या त्या साध्या रबरी हातोडीने टकटक केले तरी मानेत अशीच लहर उठते. ज्यांच्या मधल्या कानातून आवाज पुढे जात नाही, अशांची तपासणी त्यामुळे शक्य झाली.

२००५ मध्ये रोझेनग्रेन, टॉड आणि कोलबॅच यांनी तशीच लहर डोळ्याखाली टिपली. रुग्ण नजर वर लावतो, डोक्याच्या हाडाला कंप दिला जातो आणि सुमारे १० मिलिसेकंदांनी विरुद्ध बाजूच्या डोळ्याखालच्या स्नायूतून उत्तर येते. हे उत्तर मुख्यतः युट्रिकलचे, असे आज बहुतेक संशोधक मानतात. बारानींच्या चाचणीने जी दोन इंद्रिये अबोल ठेवली होती, ती शंभर वर्षांत अशी बोलती झाली.

२४.
या चाचणीला डोक्यावर घेऊन नाचण्याचेही कारण नाही. वय वाढते तशी लहर निरोगी माणसातही लहान होते. मान नीट ताणली नाही तर निरोगी कानही आजारी भासतो. ठोके मोठे असल्याने कानाला इजा होणार नाही याची काळजी घ्यावी लागते. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या २०१७च्या मार्गदर्शिकेने तिसऱ्या खिडकीच्या निदानात या चाचण्यांचा उपयोग मान्य केला. पण मेनिएरचा आजार किंवा तोलाच्या नसेचा दाह यांच्या निदानासाठी पुरावा अपुरा असल्याचे स्पष्ट सांगितले. सॅक्यूल काय म्हणते, ते लहर सांगते. रुग्णाला काय झाले आहे, ते वैद्यालाच जुळवावे लागते.

२५.
शेवटी पुन्हा त्या पहिल्या लहरीकडे. १९५८ ते १९९२ या काळात ती अनेक प्रयोगशाळांत उमटली असेल. कुणी तिला मेंदू समजले, कुणी तिला कचरा समजून गाळून टाकले. बिकफर्ड यांनी मात्र गाळण्याआधी विचारले : हा कचरा येतो कुठून? आणि कोडी यांनी ते विचारले बहिऱ्या माणसाच्या शेजारी उभे राहून.

ऐतिहासिक साधने वाचतानाही हेच घडते. बखरीच्या समासातली खूण, हिशेबाच्या वहीतली खोडलेली ओळ, पत्राच्या पाठीवरचा हिशेब आपण ‘मुख्य मजकूर नाही’ म्हणून बाजूला सारतो. कधीकधी नेमकी तीच ओळ, ज्याचे म्हणणे कुणी ऐकले नाही अशा माणसाच्या बाजूने साक्ष देते. सिडनीतल्या त्या १३ मिलिसेकंदांनी शिंक आली की जग कलते, असे सांगणाऱ्या माणसाच्या बाजूने साक्ष दिली.

थ्रेड आवडला तर पुढे पाठवा. घरात कुणी चक्कर येते म्हणत असेल, तर त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्या आणि त्याला कानाच्या तज्ज्ञाकडे न्या.

#थ्रेड_समाप्त #वैद्यकाचा_इतिहास #मराठी